सिस्टर बोलल्या नव्हत्या

आमची जीप गावात शिरली की बाप्ये मागच्या दाराने शेतात पळायचे. पेण ते रोहा या पट्ट्यात कुटुंब नियोजनाचा प्रचार करण्यात माझी सगळी नोकरी गेली. डोळ्यांसमोर आजही पहिलं येतं ते हेच: धूळ, भोंगा आणि बांधावरून धोतर सावरत लांब होणाऱ्या पाठी. आणीबाणीतली नसबंदीची धास्ती बापांनी मुलांना देऊन ठेवली होती. मी भोंग्यावरून ओरडायचो, "मंडळी, पळू नका, आज फक्त सिनेमा आहे!" मग एकेक जण परत यायचा, पण कडेला बसायचा, चपला पायातच ठेवून.

बाहेरच्यांसाठी हे काम काय असतं ते सांगतो. डॉक्टर ऑपरेशन करतो, नर्स तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवते, गोळ्या देते. त्याआधी माणसाचं मन तयार करायचं, ते आमच्याकडे. भिंतींवर लाल त्रिकोण रंगवायचे, शाळेत पडदा लावून फिल्म दाखवायची, चित्रांचे तक्ते उलटत बोलायचं. वर्षाला किती ऑपरेशनं व्हायला हवीत ते वरून ठरून यायचं, त्याला उद्दिष्ट म्हणत. जी बाई ऑपरेशनला तयार होई ती आमची 'केस'. "या महिन्यात केसेस किती?" असं साहेब विचारत आणि मी अभिमानाने सांगत असे. जित्याजागत्या बाईला केस म्हणण्यात काही खटकण्यासारखं आहे, हे मला निवृत्त होईपर्यंत सुचलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुना. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात एक म्हातारा दर भेटीला निरोधची पाकिटं मागून न्यायचा. मला वाटलं, आपला प्रचार फळला. एकदा कौतुकाने विचारलं, "बाबा, उपयोग होतो ना?"

"व्हतो म्हंजे? काडेपेटी नि बिड्या त्यात टाकतो, वर गाठ मारतो. होडीत कितीपन पानी येऊंदे, बिडी कोरडी. सरकारनं पयल्यांदाच कायतरी कामाचं दिलं."

ही गोष्ट मी पुढे कितीतरी सभांमध्ये सांगून हशा मिळवला. पण जिते गावाजवळच्या एका तरुण शेतकऱ्याची गोष्ट सांगितली की हशा यायचा नाही. तो आपल्या पायांनी दवाखान्यात आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "आमची ही दोन बाळंतपनांत अर्धी झाली. आता माझी पाळी." गावात त्याला चिडवायचे, बांगड्या भर म्हणायचे. तो म्हणायचा, "भरीन. पन तिला परत तशी खाटल्यावर बघनार नाय." असा दुसरा माणूस मला उभ्या नोकरीत भेटला नाही. मीही तसा नव्हतो. आमच्या घरी ऑपरेशन बायकोनेच करून घेतलं, आणि तिला विचारल्याचं मला आठवत नाही.

हे किस्से मी निवृत्तीच्या समारंभात सांगितले, नातवंडांना सांगितले. आज जे सांगायचं आहे ते त्या किश्श्यांत कधीच आलं नाही.

सुमन सिस्टर या उन्हाळ्यात रोह्यात वारल्या. आमच्या उपकेंद्राच्या त्या नर्स. त्यांच्यासाठी आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी एक छोटी शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले. शेवटाकडे एक निवृत्त कर्मचारी उठले आणि प्रेमाने, हसत म्हणाले, "बाई कामाला वाघीण होत्या. तोंडाच्या जरा मोकळ्या, तेवढंच काय ते. त्या गावातलं प्रकरण आठवतंय ना?" लोक समजूतदारपणे हसले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. माझी पाळी आल्यावर मी दोन बरी वाक्यं बोललो आणि बसलो.

ते प्रकरण असं. गाव पेण आणि रोहा यांच्या मधलं, डोंगराच्या पायथ्याचं. भात आणि वाल पिकवणाऱ्या लोकांचं. गावाचं आणि त्या बाईचं नाव लिहीत नाही. लिहिण्याआधी तिला फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिवा. पन माझं नाव नको." तेवढं तरी या वेळी पाळतो.

त्या गावात माझी सभा म्हणजे समोर पुरुष, मागे भिंतीला टेकून बायका, आणि मधे माझा आवाज. आवाज चांगला होता, त्याचा मला गर्व होता. मी विचारायचो, "कुणाला काही शंका?" कुणालाच कधी शंका नसायची. सुमन सिस्टरांची पद्धत वेगळी होती. त्या सभेला यायच्याच नाहीत. दुपारी पुरुष शेतावर किंवा झोपलेले असताना त्या कुठल्यातरी मागच्या पडवीत जाऊन बसायच्या. आमच्याकडे बिरड्यासाठी वाल भिजवतात, मोड आणतात आणि मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलतात. फार वेळखाऊ काम. चार घरच्या बायका एकत्र बसून ते करायच्या आणि सिस्टर त्यांच्यात बसून सोलू लागायच्या. मी एकदा त्यांना म्हणालो, "सिस्टर, तुम्ही प्रचाराला जाता की स्वयंपाकाला?"

"साहेब," त्या म्हणाल्या, "बाई नुसती बसवली की लाजते. हातात काम असलं, नजर खाली असली, की बोलते. तुमच्यासमोर ती कुठे बघणार?"

एका दुपारी मी त्यांना न्यायला गेलो आणि कुंपणाबाहेरच थांबलो, कारण आतून जे ऐकू येत होतं ते मी कुठल्याच सभेत ऐकलं नव्हतं.

"ती तांब्याची ना वो सिस्टर? मंग काळी पडली म्हंजे?"

"मंग काय गो, चिंच लावून घास दर सोमवारी!" दुसरी कुणीतरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

"आन् नवऱ्याला टोचली तर?"

"टोचू दे," सिस्टरांचा आवाज आला. "चार दिवस ओटीवर झोपेल. तुला आराम."

मग बराच वेळ हसणं. त्यानंतर आवाज खाली आले आणि खरे प्रश्न सुरू झाले. अंगावरून जास्त गेलं तर काय, घरी न सांगता बसवता येते का, नको वाटली तर काढता येते का. सिस्टर एकेकीला शांतपणे सांगत होत्या, "शरीर तुझं आहे. तुला हवी तर बसवायची. तुला नको तर नाही." आम्ही भिंतींवर इतकी वाक्यं रंगवली, पण 'तुला हवी तर' असं एकाही भिंतीवर लिहिलं नव्हतं.

आता एकटा असलो की मला तीच दुपार हवीशी वाटते. ते पडवीतलं हसणं, वालांचा तो उग्र वास, आणि परतताना जीपमध्ये सिस्टर, मांडीवर बायकांनी दिलेल्या शेंगांची पिशवी घेऊन, वाऱ्याने पदर उडू नये म्हणून तो दातात धरून बसलेल्या. त्या हसत सांगायच्या, आणि कुणाचं नाव कधी सांगायच्या नाहीत. "एक बाई असं म्हणाली," एवढंच. मी खोदून विचारलं तरी, "एक बाई."

त्यातल्या एका बाईचं नाव मला कळलं, तेही माझ्या वाईट सवयीमुळे. औषधांचा खोका घेऊन मी उपकेंद्रात गेलो आणि दार न वाजवता आत शिरलो. दार वाजवायची सवयच नव्हती, मी अधिकारी होतो ना. पडद्याआडच्या तपासणीच्या टेबलावरून ती उतरत होती. गावातल्या सर्वांत मोठ्या शेतकऱ्याची धाकटी सून, दोन मुलींची आई. मला पाहून तिने डोक्यावरून पदर ओढला आणि बाहेर गेली. सिस्टर माझ्यावर चिडल्या. त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचलीय ती. तिला अंतर हवंय, म्हणून तांबी. घरी माहीत नाही. हे तुमच्या पोटात ठेवा, साहेब."

मी ठेवलं. वर्षभर ठेवलं. तिची तब्येत सुधारली, भारा डोक्यावर घेऊन चालताना दिसायची.

पुढच्या हिवाळ्यात त्या गावात ऑपरेशनचं शिबिर घ्यायचं ठरलं. आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं: आधी गावचा मोठा माणूस पटवा, मग गाव आपोआप पटतं. पुरुष पटला की बाईला विचारायची गरज नाही, असं कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं, पण आम्ही तेच शिकलो होतो. तांबीसाठी नवऱ्याची परवानगी लागते असं कुठेही लिहिलेलं नसताना आम्ही "घरी विचारून ये" म्हणून बायकांना परत पाठवायचो. सिस्टर पाठवत नसत, म्हणून त्यांच्याकडे बायका जात.

गावचा मोठा माणूस म्हणजे तिचा सासरा. सगळे त्यांना मामा म्हणत. मी त्यांच्या ओटीवर बसलो, चहा आला.

"मामा, शिबिराला तुमच्या आळीतून बायका यायला हव्यात. तुम्ही एक शब्द टाका."

"आमच्या बायकांना नाय लागत असलं काय," मामा म्हणाले. "त्या पेनच्या शिकलेल्या बायकांना सांगा."

आणि मला मोह झाला. माझ्याकडे हुकमाचं पान होतं. मला वाटलं, मामांना अभिमान वाटेल; आपल्या घरापासून सुरुवात झाली म्हणून ते सगळ्या गावाला सांगतील. मी हसत म्हणालो, "नाय लागत कसं म्हणता? तुमच्याच घरात पोचलंय की!"

मामांनी बशी खाली ठेवली. "कुनाच्या?"

"धाकटीच्या. वर्ष झालं तांबी बसवून. बघा, काही त्रास आहे का? उलट तब्येत सुधारली."

मामांनी अंगणाकडे पाहिलं. तो चेहरा अभिमानाचा नव्हता. घरात नातवाची वाट पाहिली जात होती, हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावालाच ठाऊक होतं. मी घाईघाईने म्हणालो, "मामा, मी सांगितलं असं कुठे बोलू नका. माझी नोकरी आहे."

"तुमचं नाव निघनार नाय," मामा म्हणाले. "शबूद देतो. चा घ्या."

मामांनी शब्द पाळला. एका पुरुषाने दुसऱ्याला दिलेला शब्द होता, तो मोडला नाही.

त्या आठवड्यात नवऱ्याने तिला तालुक्याच्या गावी एका खाजगी डॉक्टरकडे नेऊन तांबी काढवली. तिला कुणी काही विचारलं नाही. वर्षाच्या आत ती बाळंत झाली. रक्त थांबेना. टेम्पोत घालून वडखळवरून अलिबागला नेलं तेव्हा ती वाचेल असं कुणी धरलं नव्हतं. वाचली. मुलगा झाला, घरात पेढे वाटले, आणि ती पुढे कितीतरी महिने भिंत धरून चालत होती.

पण गावातल्या बायकांनी त्याआधीच निकाल लावला होता. तांबीचं दोघींनाच माहीत होतं. एक ती स्वतः. मग दुसरी कोण?

शिबिराच्या आधी मी सिस्टरांबरोबर त्या गावात गेलो होतो. मागच्या पडवीत बायका बसल्या होत्या, मधे वालांची परात भरलेली. सिस्टर नेहमीसारख्या चपला काढून वर चढल्या. एक म्हातारी नजर वर न करता म्हणाली, "आज नको सिस्टर. सोलून झाले आमचे." परात काठोकाठ होती. सिस्टर "बरं," म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

आम्ही जीपने परत निघालो. नागोठण्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही नाही ना कुठे बोललात?"

आवाजात आरोप नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या.

मी म्हणालो, "छे! मी कशाला बोलेन?"

त्यांनी लगेच मान हलवली, जणू विचारल्याबद्दल त्यांनाच वाईट वाटलं. मग बाहेर बघत स्वतःशीच म्हणाल्या, "मग माझ्याच तोंडून निसटलं असणार कुठेतरी. काय बोलले असेन मी?"

त्या आठवत राहिल्या. रोह्यापर्यंत त्या आठवत होत्या: कुणाशी बोलले, काय बोलले, कुठली खूण दिली. मी शेजारी बसून ऐकत होतो. अजून मला वाटतं, त्या रस्त्याला एखादं वळण जास्त असतं तर मी बोललो असतो. पण ते खरं नाही. वळणं पुष्कळ होती.

नंतर सिस्टर त्या गावात गेल्या की दारं उघडी असायची पण बायका आत असायच्या. त्यांनी बदली मागून घेतली. शिबिरात ठरलेलं उद्दिष्ट पुरं झालं, माझं कौतुकही झालं. त्यानंतर आमच्या गाठी पडायच्या, कधी मीटिंगमध्ये, कधी रोह्याच्या बाजारात. दर वेळी त्या विचारायच्या, "ती कशी आहे हो?" आणि मी म्हणायचो, "बरी आहे." मग त्यांच्या चेहऱ्यावर येणारा तो हलकासा सुटकेचा भाव मला सहन व्हायचा नाही. म्हणून पुढे पुढे बाजारात त्या लांबून दिसल्या की मी गल्ली बदलू लागलो. ज्यांच्याशी बोलावंसं सगळ्यात जास्त वाटायचं, त्यांनाच टाळत राहिलो. आता रोह्याला गेलो तर त्याच गल्लीतून मुद्दाम चालतो.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी त्या गावाला गेलो. गावाच्या तोंडाशी आता दुमजली घरं आहेत, डोलवीच्या कंपनीत जाणाऱ्या पोरांच्या मोटारसायकली आहेत. ती ओटीवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला तेल लावत. मी "ओळखलं का?" म्हणालो आणि तिने आवाजावरून ओळखलं.

"भोंगेवाले साहेब! बसा. म्हातारे झालात वो. सून कामाला गेलीय, पोरगा शिफ्टवरनं येऊन निजलाय. चा मीच करते."

"चहा नको," मी म्हणालो. "सुमन सिस्टर गेल्या."

तिचा हात थांबला. "कोन? ती?" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

"तुमच्या घरी जे कळलं ते त्यांच्याकडून नाही. मी सांगितलं होतं. मामांना. इथेच बसून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचंही सांगितलं; नाव घेऊ नका म्हटल्याचं, सिस्टरांना खोटं बोलल्याचं.

"मामा मरताना पानी मी पाजलं त्यांना," ती म्हणाली. "तवापन नाय बोलले."

आतल्या खोलीत तिचा मुलगा कूस बदलल्याचा आवाज आला. तिने आवाज खाली आणला. "पोर माझं हाय. गुनाचं हाय. त्याला नको व्हतं म्हननार नाय मी कधी. पन मला इचारलं नव्हतं ना कुनी. आता सून म्हनते, येकच पुरे. मी म्हनलं, तुझं तू ठरव, मला पन इचारू नको." तिने तेलाची वाटी बाजूला सारली. "सिस्टर आलती. मला अलिबागवरनं आनलं तवा. तिथं, खाली हुभी ऱ्हायली व्हती. मी आतून वरडून बोलले, हिला जायला सांगा. ती आयकत व्हती. तरी थोडा येळ थांबली."

हे मला माहीत नव्हतं. सिस्टरांनी कधीच सांगितलं नाही.

"ती व्हती तवा का नाय आलात?"

"धीर झाला नाही."

"धीर? तुमाला कोन काय करनार व्हतं, साहेब? मारनार व्हतं? मी गेले असते ना तिच्याकडं. रोहा काय लांब हाय?"

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण ऐकायला ती थांबलीच नाही. ती ओटीच्या कडेला सरकून शेजारी हाका मारत होती. "गो शेवंते! ए वैनी! या गो इकडं. समद्या या."

बायका आल्या. काही माझ्या वयाच्या, काही तिच्या. कुणी हातातलं काम तसंच घेऊन आली. ती मला म्हणाली, "सांगा यांना. मला सांगितलं तसंच."

त्या गावात मी इतक्या सभा घेतल्या होत्या. त्या दिवशी भोंगा नव्हता, पडदा नव्हता, आणि समोर एकही पुरुष नव्हता. मी सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर एक म्हातारी हळूच म्हणाली, "मंग आमी तिला उगाच..." दुसरी म्हणाली, "माझी सासू तर तोंडावर बोलली व्हती तिला. विहिरीवर. ती नुसती बघत ऱ्हायली."

मी वाट पाहत होतो. कुणी शिव्या देईल, निदान विचारेल, असं का केलंत. ते ऐकायची मी तयारी करून आलो होतो. पण माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, रागाने नाही, एखाद्याला वाट दाखवावी तसं, "तुमचं सांगून झालं ना? मंग आता तुमी जा. आमाला तिच्याबद्दल बोलायचं हाय."

मी उठलो. मी बसलो होतो ती जागा रिकामी झाली, तशा त्या एकमेकींच्या जवळ सरकल्या.